मापारीण

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मोटारसायकलचं मागचं चाक फिरवणं. गाडी स्टँडवर उभी, प्लग काढलेला, टॉप गिअर टाकलेला. मी जमिनीवर बसून हातानं चाक फिरवत होतो. ती इंजिनापाशी पाटावर बसून, पदर खोचून, एक डोळा मिटून रॉकरकडं बघत होती. "सावकाश. सावकाश म्हटलं ना! ते चाक आहे, जातं नव्हे." मी सावकाश फिरवलं. "थांबा." मी थांबलो. तिनं आत हात घालून मापाच्या रॉडचा स्क्रू पिळला. "अजून अर्धा आटा लागेल असं वाटतंय. फिरवा पुन्हा." तेवढ्यात आत डाळ उतू गेल्याचा वास आला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाताना म्हणाली, "हात लावू नका कशाला. मी आले की बघू."

ती आली नाही. ते पुढं सांगतो.

तो एक डोळा मिटून बघणं ही तिची खूण. आमच्या पेटेत, म्हणजे जुन्या बाजारवस्तीत, सगळे तिला त्यावरून ओळखायचे. भाजीवालीच्या तराजूकडं तसंच बघायची, वाण्याच्या मापट्याकडं तसंच, आणि मी दाढी करून आलो की माझ्या मिशीकडंही तसंच. "डावीकडं स्वल्प जास्त उडवली." गाड्यांचे मेस्त्री तिला मापारीण म्हणायचे. आधी चेष्टेनं म्हणायचे, मग कामापुरतं, मग ते नावच पडलं. खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते घरातलं आहे, घरातच राहू दे.

तिचा बाप शिंपी. दंडूत, म्हणजे तुमच्या कंटोन्मेंटात, गोऱ्या सोल्जरांचे कोट शिवायचा. आमची माणसं या गावात कैक पिढ्यांपासून, घरात मराठी बोलायची आणि दारात कन्नड. त्या बापाच्या दुकानात एक रीत होती. माप एकानं घ्यायचं आणि कात्री दुसऱ्यानं धरायची. एकाच माणसानं दोन्ही करायचं नाही. का, तर ज्यानं माप घेतलं त्याची नजर एकदा चुकली की कात्री धरतानाही तीच चूक बरोबर दिसते. दुसरा माणूस असला की तो कन्नडात विचारतो, "सरी?", म्हणजे बरोबर का, आणि पहिल्याला पुन्हा एकदा बघावं लागतं. पहिला "सरी" म्हणाला तरच कात्री चालायची. ही रीत तिनं माहेराहून आणली. भांडीकुंडी काही फार आणली नव्हती.

मी चौथी नापास. हातात पाना धरायला शिकलो ते पोटासाठी. स्वातंत्र्यानंतर लष्करानं जुन्या मोटारसायकली लिलावात काढल्या, त्या घेऊन दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, असा माझा धंदा. घरामागं पत्र्याची शेड. लग्नानंतर कित्येक वर्षं तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. "तेलाचा वास जेवणाला लागतो," म्हणायची. मग एक दिवस आली आणि मरेपर्यंत येत राहिली. त्याचं कारण एका शर्यतीत घडलं.

गावाबाहेर लष्कराची एक जुनी धावपट्टी होती. तिथं कधीमधी मोटारसायकलींच्या शर्यती व्हायच्या. एकदा मी तिला घेऊन गेलो. तिनं चित्रान्नाचा, म्हणजे फोडणीच्या लिंबूभाताचा, डबा घेतला होता, जत्रेला निघाल्यासारखी. दंडूतला एक तरणा पोरगा आमच्यासमोरून सुसाट गेला आणि पुढं मधल्या मधे त्याच्या गाडीचं मागचं चाक एकाएकी जाम झालं. माणूस आधी वर गेला, मग खाली आला. पुढचं लिहायची गरज नाही. डबा तसाच परत आला.

घरी आल्यावर तिनं मला कारण विचारलं. ते इंजिन दुसऱ्याच एका शेडमध्ये बांधलेलं, पण मी उघडलेलं बघून आलो होतो. मी तिला जसं सांगितलं तसंच इथं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इंजिनात खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्याला उंचवटे असतात. उंचवटा आला की तो एक काठी वर ढकलतो. ती काठी म्हणजे पुशरॉड. काठी वरच्या रॉकरला ढकलते आणि रॉकर झोपाळ्याच्या फळीसारखा कलून व्हॉल्व्ह उघडतो. काठी लांब झाली तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो, त्याचं डोकं तुटून पिस्टनवर पडतं आणि इंजिन जागच्या जागी आवळतं. काठी आखूड असली तर रॉकरचा स्क्रू फार बाहेर काढून ती उणीव भरावी लागते. असा स्क्रू वाकडा रेटतो आणि आट्यातून मोडतो. त्या पोराच्या गाडीचं हेड, म्हणजे रॉकर ज्यावर बसतो तो इंजिनाचा वरचा ठोकळा, घासून बसकं केलं होतं, म्हणजे रॉकर खाली आला. काठ्या मात्र जुन्याच ठेवल्या, त्या आता लांब झाल्या.

तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो रॉड मापला कुणी?"

"कुणी नाही. जुनाच घातला."

"कापला कुणी?"

"कुणीच नाही गं."

"मग पोराला मारलं कुणी?"

दुसऱ्या दिवशी ती पाट घेऊन शेडमध्ये आली.

तिच्या कामाची तऱ्हा शिंप्याचीच. आधी कच्ची शिलाई, मग कात्री. मी एक जुना रॉड मधून कापून त्यात स्क्रू बसवून दिला, लांब-आखूड करता येणारा. त्याला ती कच्ची शिलाई म्हणायची. तो इंजिनात घालायचा, कडक स्प्रिंग काढून लेच्यापेच्या घालायच्या, म्हणजे तो कच्चा रॉड दबत नाही, आणि मी चाक फिरवायचं. व्हॉल्व्ह अर्धा उघडला की ती "थांबा" म्हणायची. त्या क्षणी रॉड आणि रॉकरचा स्क्रू एका रेषेत उभे दिसायला हवेत. "काज आणि बटण समोरासमोर आलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. "ओढून लावलेलं बटण एक ना एक दिवस तुटतंच." रेष जुळली की मग व्हॉल्व्ह मिटतो का ते बघायचं. मग रॉडला काजळ फासायचं आणि चाक फिरवून रॉड बाहेर काढायचा. काजळ कुठं पुसलं गेलं असेल तर तिथं रॉड भोवतालच्या नळीला घासतो. "माझ्या डोळ्यांना मिळालं नाही एवढं काजळ तुमच्या इंजिनांनी खाल्लं," असं मला प्रत्येक वेळी ऐकवायची. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकतो का ते बघायला पिस्टनवर नाचणीच्या पिठाचा गोळा ठेवायची. इंजिनातून निघालेला तो चपटा गोळा एकदा तिनं भिंतीवर कावळ्याला ठेवला. कावळ्यानं चोच लावून बघितलं आणि उडून गेला. "बघा, तुमच्या शेडचं कावळासुद्धा खात नाही. मी खाते."

सगळं जुळलं की मी हातात करवत घेऊन विचारायचो, "सरी?" ती पुन्हा एकदा डोळा मिटून बघायची. कधी लगेच म्हणायची, कधी चाक परत पहिल्यापासून फिरवायला लावायची. गिऱ्हाईक दारात ओरडत उभं असलं तरी तिला घाई नव्हती. "सरी" म्हणाली की मी नव्या रॉडची नळी त्या मापानं कापायचो आणि नळीला पोलादी टोकं ठोकून बसवायचो. तिनं कधी करवत धरली नाही. मी कधी तिच्या पाटावर बसलो नाही.

ती गोड बाई होती असं कुणी समजू नये. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची पद्धत आहे, मला ती जमत नाही. तोंड फाटकं होतं. माझ्या मोठ्या भावाला तोंडावर म्हणाली होती, "तुमचं बोलणं मोठं, ताट त्याहून मोठं." नजर चुकायचीही. एकदा कपाट घेताना म्हणाली, दारातून सहज जातंय, मी बघितलंय. गेलं नाही. दाराची चौकट काढावी लागली. मी हसलो तर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाहीत ना सरी म्हणून." म्हणजे चूक माझीच.

आम्हाला मूल झालं नाही. तिला एक भाऊ, गणू. आई लवकर गेली म्हणून हिनंच वाढवलेला, लग्नानंतर आमच्याच घरी आणलेला. त्याच्या अंगाला कपडा शिवायचा तर ती त्याला उभा करून मापायची नाही. नजरेनंच कापड आणायची. तोच एक माणूस असा होता की ज्याच्या बाबतीत तिला माप लागत नव्हतं. तो मोठा झाला, एका कारखान्यात लागला आणि त्याला शर्यतीचं वेड लागलं. तेव्हा जयनगर ही गावाबाहेरची नवी वसाहत नुसती आखून ठेवली होती. सरळ लांब रस्ते होते आणि घरं कुठं एखाददुसरं. गणू तिथं जाऊन गाडी पळवायचा. त्याच्या गाडीचा आवाज लांबून यायला लागला की ही हातातलं काम सोडून उभी राहायची. आवाज दारात येऊन थांबला की पुन्हा कामाला लागायची.

ती गेली त्या साली धावपट्टीवर एका रविवारी मोठी शर्यत ठरली. गणूनं लिलावाच्या मालातून दुसरा एक कॅमशाफ्ट मिळवला आणि तो घासून घेतला. उंचवट्याची टोकं राहिली तशीच, बाकीचा गोल बारीक झाला. असा कॅम व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि जास्त वेळ उघडा ठेवतो, गाडीला जोर येतो. दुसरं एक हेडही मिळवून घासून बसकं करून आणलं. दोन्ही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, बसवा."

"रॉड?" ही आतून म्हणाली.

"अक्का, ऐक. कॅम बारीक झाला म्हणून रॉड आखूड पडणार, सरी. पण हेडही खाली आलंय, म्हणून रॉड लांब पडणार. एकानं दुसऱ्याला खाल्लं. हिशेब फिटला. जुनेच रॉड घाला आणि सोडा."

"एका बाहीला कापड कमी, दुसऱ्या बाहीला जास्त. झाला का कोट बरोबर?"

"कोट नाही अक्का, इंजिन आहे!"

"कोट उसवला तर पाठ दिसते. हे उसवलं तर तुझं मढं दिसेल."

गणू हसला. मला हसू आलं नाही. ती बाहेर आली, पाट ठेवला आणि त्याच्याकडं न बघता म्हणाली, "पळवू नको म्हणून सांगून तू ऐकणार नाहीस. पळव. पण माझ्या सरीशिवाय यांची करवत चालायची नाही. शर्यत गेली तर गेली."

त्या आठवड्यात ती रोज डोक्याला फडकं बांधून बसायची. कपाळ ठणकतं म्हणायची आणि सुंठ उगाळून लावायची. मी दवाखान्यात जाऊ म्हटलं. "आधी याचं होऊ दे." मी अडून बसलो नाही कारण तिच्यापुढं अडून बसलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. इंजिनात रॉड दोन, एक इनलेटचा आणि एक एक्झॉस्टचा. इनलेटचा आधी झाला. जुन्या रॉडपेक्षा लांब निघाला. तिनं तीनदा फिरवायला लावून मग "सरी" म्हटलं आणि मी कापला. ती गणूला बोलावून म्हणाली, "बघ, फिटला का तुझा हिशेब?" तो म्हणाला, "अक्का, केसाएवढं तर आहे!" "केसानंच गळा कापतात," ती म्हणाली.

एक्झॉस्टचा राहिला होता. त्याचंच चाक मी त्या सकाळी फिरवत होतो.

ती आत गेली. भांडं पडल्याचा आवाज आला. मला वाटलं, डाळीचं पातेलं निसटलं. मी हाक मारून विचारलं, "भाजलं का गं?" गेलो तर चुलीशी पडलेली. डोळे उघडे होते. शेजारच्या पद्मक्का ओरडत धावत आल्या, "अय्यो, अक्का, अक्का!" डॉक्टर आले तोवर संपलं होतं. डोक्यातली शीर फुटली म्हणाले. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार? दिवस मावळायच्या आत आम्ही तिला नेली. सरणावर ठेवताना तिचे हात धुतलेले होते, तरी नखांत काजळ होतं.

जळत असताना गणू माझ्याशेजारी उभा होता. रडत नव्हता. दगड झाला होता. आणि मग एकदम म्हणाला, "दाजी, रविवारी मला गाडी पाहिजे."

मी त्याच्याकडं बघितलं.

"अक्काच्या नावानं पळवणार. जिंकणार नाहीतर परत येणार नाही. एक्झॉस्टला जुना रॉड घाला, स्क्रू बाहेर काढा. चालेल. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"गणू, सुतक आहे तुला."

"असू दे. तुम्ही नाही बसवलं तर मी बसवीन. कुणाकडूनही बसवून घेईन."

त्याचं तोंड मला ओळखीचं होतं. त्या धावपट्टीवर गेलेल्या पोराचं तोंड मी पळायच्या आधी पाहिलं होतं, ते असंच होतं. पुढं काही दिसत नसलेलं. मला एवढंच कळलं की एक चिता माझ्यासमोर जळतेय आणि दुसरीची लाकडं हा पोरगा स्वतःच गोळा करतोय. बोलून उपयोग असता तर तिनं बोलून उपयोग झाला असता.

सकाळी उजाडल्यावर मी शेडमध्ये गेलो. घरात तिच्या माहेरच्या बायका बसल्या होत्या. गाडी आम्ही सोडली होती तशीच उभी होती. मी चाक फिरवलं आणि उठून पुढं बघायला गेलो. तोवर चाक आपलं आपण थोडं मागं आलं होतं. पुन्हा फिरवलं. डाव्या हातानं चाक धरून मान लांब करून बघितलं, दिसेना. मग चाकाला फळी अडकवून ठेवली आणि इंजिनापाशी जाऊन डोळा मिटून बघितलं. ती म्हणाली होती तसा अर्धा आटा पिळला. रेष जुळल्यासारखी दिसली. आणखी अर्धा आटा पिळला. तरीही जुळल्यासारखीच दिसली. मी पाहिजे तेवढा आटा पिळला असता आणि मला ती रेष जुळलेलीच दिसली असती. मला ती जुळायला हवी होती ना!

मी करवत हातात घेतली नाही.

पाना घेतला. घासलेलं हेड उतरवलं. तिनं सरी म्हटलेला इनलेटचा रॉड पुसून बाजूला ठेवला. बगलेचं झाकण उघडून नवा कॅम काढला. गाडीचा मूळचा कॅम, मूळचं हेड आणि मूळचे दोन्ही रॉड फळीवर पडून होते, कारखान्यातून एकत्र आलेले. विलायतेत कुणा एकानं त्यांचं माप घेतलं असेल आणि कुणा दुसऱ्यानं ते कापले असतील. मी ते सगळं परत बसवायला लागलो. हातोडीचा आवाज आत गेला. तिची मावशी दारात येऊन उभी राहिली. "अहो, बायकोची राख अजून निवली नाही! माणूस आहात की कोण?" मी म्हटलं, "मावशी, आत जा." ती कडाकडा बोटं मोडत आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही.

काम संपत आलं तेव्हा गणू आला. डोळे सुजलेले. म्हणजे कुठंतरी रडून आला होता. त्यानं किक मारली. इंजिन सुरू झालं. कॅम बदलला की इंजिनाचा आवाज बदलतो. ज्याला कान आहे त्याला पहिल्या क्षणात कळतं. त्यानं ऐकलं आणि गाडी बंद केली.

"जुना कॅम घातलात."

"हो."

"नवा कुठंय?"

"आहे. तुला देणार नाही."

"दाजी, असल्या गाडीवर मी शेवटचा येईन!"

"शेवटचा ये," मी म्हणालो. "पण ये."

तो तसाच गाडीवर बसून राहिला. हात हँडलवर, मान खाली. मग त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्याजवळ गेलो नाही. मला तसलं येत नाही, ते काम तिचं होतं. मी हत्यारं पुसली आणि खिळ्यांना लावली, हात रॉकेलनं धुतले, मग साबणानं धुतले. आमच्यात राख दुसऱ्या दिवशीच सावडतात. बाहेर माणसं मडकं आणि दुधाचा तांब्या घेऊन थांबली होती. मी गणूच्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हटलं, "ऊठ, उशीर होतोय." तो उठला. आम्ही दोघं चालत राख सावडायला गेलो.